ट्रान्सओशनचं पुढे काय? तेलाच्या भावाआधी रिकामे दिवस मोजा

मुंबई हायवर जॅक-अप रिगवर (समुद्रतळावर पाय टेकून उभी राहणारी रिग) असिस्टंट ड्रिलर असलेल्या एका तरुणाने २०२५ च्या अखेरीस विचारलं होतं: "खोल समुद्रातल्या ड्रिलशिपवर (तरंगत राहून विहीर खोदणारं जहाज) जायची इच्छा आहे. पण तेल साठ-पासष्ट डॉलरवर आलंय, जग विजेच्या गाड्यांकडे निघालंय आणि ट्रान्सओशनसारखी रिग भाड्याने देणारी मोठी कंपनी दरवर्षी तोटाच दाखवते. या धंद्याला पुढची दहा वर्षं आहेत का? नोकरीसाठी प्रयत्न करू का? आणि शेअर तीन-चार डॉलरला मिळतोय, तर थोडे घेऊन ठेवू का?"

तुम्ही एका दमात तीन प्रश्न विचारलेत आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. खोल समुद्रातलं खोदकाम पुढची दहा वर्षं तरी चालणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ट्रान्सओशन त्यात टिकेल असं मला वाटतं. पण तिच्या डोक्यावरचं कर्ज बघता "वाटतं" याच्या पुढे मी जाणार नाही. शेअरचं गणित निराळंच आहे. कंपनीची जहाजं कामावर असूनही शेअरवाल्याच्या हाती काही लागलं नाही, असं तिथे अनेक वर्षं झालेलं आहे.

माझं आयुष्य रिगच्या टेंडरांत आणि करारांत गेलं, त्यामुळे मी या धंद्याकडे त्याच बाजूने बघतो. समोर आकडे आहेत ते २०२५ च्या तिसऱ्या तिमाहीपर्यंतचे, आणि खाली "आज" म्हणतो ते त्याच वेळचं.

आधी ही कंपनी विकते काय, ते नीट समजून घ्या. ती तेल विकत नाही. विहिरीतून तेल लागलं काय आणि कोरडी गेली काय, तिचा त्यात थेंबभर वाटा नसतो. ती दिवस विकते. जहाज, त्यावरची दीड-दोनशे माणसं, डेरिक (खोदकामाचा मनोरा), बीओपी (विहिरीच्या तोंडावर बसणारा, उसळी रोखणारा झडपांचा संच), रायझर (बीओपीपासून जहाजापर्यंतचा जाड पाइप) हे सगळं घेऊन ती शेव्हरॉन, पेट्रोब्रास किंवा आपल्या ओएनजीसीच्या दाराशी उभी राहते आणि रोजचं भाडं लावते. तोच डे रेट. विहीर खोदली जात असेल तर पूर्ण दर, वादळामुळे थांबलात तर थोडा कमी, आणि रिगच्याच बिघाडामुळे काम अडलं तर शून्य. महिन्याकाठी दुरुस्तीला ठरावीक तास सूट असते. ते संपले की मीटर बंद.

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं. दिवस हा नाशवंत माल आहे. आज विकला गेला नाही तर उद्या विकता येत नाही, आणि खर्च मात्र चालूच राहतो.

एक हिशेब मांडतो. आकडे ढोबळ आहेत, पण आजच्या बाजाराला धरून आहेत. एका चांगल्या ड्रिलशिपला दिवसाला साडेचार लाख डॉलर मिळतात असं धरा. वर्षभर काम लागलं तर सुमारे १६.४ कोटी डॉलर जमा. ती चालवायचा खर्च दिवसाला १.६ लाख, म्हणजे वर्षाचे ५.८ कोटी. हाती राहिले १०.६ कोटी. आता समजा बाजार थोडा नरमला आणि दर चार लाखांवर आला, पण जहाज वर्षभर कामावर राहिलं. हाती राहतात ८.८ कोटी. दुखतं, पण सोसवतं. आता तिसरी गोष्ट बघा. दर साडेचार लाखच राहिला, फक्त दोन करारांच्या मधे चार महिने जहाज रिकामं उभं राहिलं. माणसं सोडता येत नाहीत, कारण पुढचं काम लागायच्या आत तीच हवी असतात. त्यामुळे खर्च फारसा घटत नाही. हाती राहतात ५.२ कोटी. म्हणजे निम्मे गेले. वर्षभर तीन लाखांच्या दराने काम करूनही जवळजवळ तेवढेच उरले असते.

म्हणूनच वर्तमानपत्रात "डे रेट घसरले" असं वाचलं की मी फार घाबरत नाही, आणि "विक्रमी दराने करार" असं वाचलं की हुरळून जात नाही. मी त्या कंपनीचा फ्लीट स्टेटस रिपोर्ट काढतो. प्रत्येक जहाजाचा करार कुठल्या महिन्यात संपतो, पुढचा कुठल्या महिन्यात सुरू होतो, आणि मधे किती पांढरी जागा आहे ते बघतो. धंद्यात त्याला व्हाइट स्पेस म्हणतात. वाशीच्या मार्केटला माल टाकून रिकामा परतणाऱ्या ट्रकचा मालक जे गणित मांडतो, तेच हे गणित आहे, फक्त आकड्यांवर शून्यं जास्त आहेत.

ट्रान्सओशनची आजची अवस्था या चष्म्यातून बघा. २०२३ च्या अखेरीस तिच्या हातात ९ अब्ज डॉलरहून जास्त किमतीचे करार होते. २०२५ च्या ऑक्टोबरात ही शिल्लक ७ अब्जांच्या खाली आली. म्हणजे जेवढे दिवस कंपनीने काम करून संपवले, तेवढे नवे दिवस तिला विकता आले नाहीत. हे घडलं ते तेल एकाएकी कोसळलं म्हणून नव्हे. २०२३ आणि २०२४ मध्ये भाव चांगले असतानाही तेल कंपन्यांनी मोठे प्रकल्प पुढे ढकलले. काही ठिकाणी पाइप, समुद्रतळावरची यंत्रं आणि उत्पादन जहाजं मिळायला वेळ लागत होता. बाकी ठिकाणी कंपन्यांना नवीन विहिरींपेक्षा भागधारकांना पैसे परत देण्यात जास्त रस होता. त्याचा फटका २०२५ आणि २०२६ च्या कॅलेंडरला बसला. त्यात एप्रिल २०२५ पासून ओपेक आणि तिच्या सोबत्यांनी उत्पादन कपात मागे घ्यायला सुरुवात केली आणि भाव खाली आला.

तेलाचा भाव आणि रिगची मागणी यांच्यात वर्ष-दीड वर्षाचं अंतर असतं, हे नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. तेल कंपनीचं संचालक मंडळ प्रकल्पाला मंजुरी देतं, मग टेंडर निघतं, मग बोली, मग वाटाघाटी, मग जहाज दुसऱ्या खंडातून येतं. त्यामुळे २०२५ चा ६५ डॉलरचा भाव त्याच वर्षी कुणाला घरी बसवत नाही. तो २०२७ च्या मध्यावर कुणाला काम मिळेल ते ठरवतो. आणि २०२७ साठी बाजारात जी टेंडरं फिरत आहेत, ती बघता मला तरी चित्र २०२६ पेक्षा बरं दिसतं. कंपनीचं व्यवस्थापनही तेच सांगतं. अर्थात, व्यवस्थापन नेहमीच पुढचं वर्ष चांगलं असल्याचं सांगतं, त्यामुळे त्याला मी निम्मं वजन देतो.

आता पुरवठ्याची बाजू. माझ्या आशेचं खरं कारण तिथे आहे.

२०१४ च्या जूनमध्ये ब्रेंट कच्चं तेल बॅरलला ११५ डॉलर होतं. त्या काळात ड्रिलशिपचे दर सहा लाखांच्या घरात गेले होते आणि कोरियातल्या सॅमसंग, देवू, ह्युंदाईच्या गोद्यांत रांगा लागल्या होत्या. जानेवारी २०१६ पर्यंत तेच तेल ३० डॉलरच्या खाली आलं. मागवलेली जहाजं तयार होऊन गोदीतच अडकली, मालकांनी हात वर केले, गोद्यांनी अब्जावधी गमावले. ब्राझीलने स्वतःच्या गोद्यांत अठ्ठावीस-एकोणतीस रिग बांधायचा घाट घातला होता, ती सेटे ब्राझील कंपनी २०१६ साली न्यायालयाच्या आश्रयाला गेली. तेव्हापासून नवी ड्रिलशिप कुणी मागवली नाही म्हटलं तरी चालेल. आज एक नवी बांधायची तर खर्च अब्ज डॉलरच्या पुढे जाईल, गोदीला आगाऊ पैसे हवेत, कोरियाच्या गोद्या गॅसवाहू जहाजांत गुंतलेल्या आहेत, आणि बँका या धंद्याकडे बघायला तयार नाहीत. ज्या दराला नवं जहाज परवडेल तो दर आजच्या दरापेक्षा खूपच वर आहे.

दुसरीकडे जुनी जहाजं मोडीत जात आहेत. तरंगत्या रिगचा जगातला ताफा २०१४ च्या तुलनेत साधारण निम्म्यावर आला आहे. तुर्कस्तानात अलियागाच्या किनाऱ्यावर एकेकाळची नामांकित जहाजं कापली गेली. ट्रान्सओशननेही २०२५ मध्ये आपली काही जुनी ड्रिलशिप कायमची बाद करायचं ठरवलं आणि त्यापोटी अब्जावधी डॉलर तोट्यात लिहिले. ताळेबंदात ते भयंकर दिसतं. बाजारासाठी मात्र ती चांगली बातमी आहे, कारण कोल्ड स्टॅक करून (माणसं उतरवून, यंत्रं बंद करून) ठेवलेलं जहाज कागदावर असेपर्यंत समोरचा तेलवाला टेबलावर बसून म्हणत राहतो, "तुमच्याकडे तर अजून एक रिकामी आहे." प्रत्यक्षात तसं जहाज परत कामावर आणायचं तर शंभर दशलक्ष डॉलरच्या आसपास खर्च येतो आणि वर्षभर जातं. ते कापून टाकलं की वाटाघाटीतलं ते हत्यारही जातं.

तुमच्या विजेच्या गाड्यांच्या शंकेचंही उत्तर द्यायला हवं. पेट्रोलची मागणी काही देशांत थांबेल, काही ठिकाणी घटेलही. पण तेलाची विहीर काही टाकीसारखी एका पातळीवर राहत नाही. उत्पादन रोज उतरत असतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं की २०१९ पासून तेल-वायू उत्पादनात होणाऱ्या गुंतवणुकीपैकी जवळपास ९० टक्के रक्कम निव्वळ ही घट भरून काढण्यात जाते. मागणी जागच्या जागी थांबली तरी खोदकाम थांबत नाही, ते याच्यामुळे. खोल समुद्रात एकेक विहीर इतकं तेल देते की खर्च मोठा असूनही बॅरलमागे ती स्वस्त पडते. गयानाच्या समुद्रात एक्सॉनने डिसेंबर २०१९ मध्ये पहिलं तेल काढलं. सहा वर्षांत तो देश दिवसाला नऊ लाख बॅरलच्या पातळीवर पोचला. अशा ठिकाणी ५० डॉलरलाही विहिरी खोदल्या जातील.

मागणी कुठे आहे ते थोडक्यात सांगतो. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक पेट्रोब्रास. तिशीच्या आसपास तरंगत्या रिग ती एकटी वापरते, त्यामुळे ती शिंकली तरी सगळ्या बाजाराला सर्दी होते. २०२५ मध्ये तिने आपल्या कंत्राटदारांना खर्च कमी करायला सांगितलं, तेव्हा सगळ्यांचे कान टवकारले. याचा अर्थ काम बंद होईल असा नाही. दर थोडा कमी घ्या आणि मुदत वाढवून घ्या, असा सौदा होतो. वरचा हिशेब आठवला तर तो सौदा रिगवाल्याला का परवडतो हे कळेल. नॉर्वेच्या थंड, खवळलेल्या समुद्रात खास बांधणीच्या सेमी, म्हणजे अर्धवट पाण्यात बुडून तरंगणाऱ्या रिग, लागतात. तिथे जहाजं मोजकी, काम स्थिर. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नामिबियाचं नाव २०२२ पासून गाजतंय, पण शेलने जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या शोधापोटी सुमारे ४० कोटी डॉलर बुडीत लिहिले. शोध लागला म्हणजे काम लागलं असं नसतं, तेव्हा नामिबियावर मी आज पैसे लावणार नाही. सुरीनामचा ग्रानमोर्गू प्रकल्प मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झाला आहे, तिथल्या विहिरी खोदाव्याच लागणार.

ट्रान्सओशनकडे एक गोष्ट अशी आहे जी बाकीच्यांकडे आज नाही. मेक्सिकोच्या आखातात काही तेलसाठे इतके खोल आणि इतक्या दाबाखाली आहेत की नेहमीची १५ हजार पीएसआय (दाबाचं एकक) सोसणारी बीओपी तिथे चालत नाही. २० हजार पीएसआयची लागते, आणि जड केसिंग (विहिरीला आतून लावायचे पोलादी पाइप) उतरवायला प्रचंड ताकदीचा हुक लागतो. सिंगापूरच्या जुराँग गोदीत बांधलेली डीपवॉटर टायटन आणि डीपवॉटर ॲटलस ही दोन जहाजं त्यासाठीच आहेत. टायटनने शेव्हरॉनच्या अँकर क्षेत्रावर विहिरी खोदल्या आणि ऑगस्ट २०२४ मध्ये २० हजार पीएसआयवर चालणारं जगातलं पहिलं उत्पादन तिथे सुरू झालं. तो करार २०१८ साली झाला होता, पाच वर्षांचा, ८३ कोटी डॉलरचा. म्हणजे दिवसाला साधारण साडेचार लाख. आता ॲटलस बघा. बीपीच्या कास्किडा क्षेत्रासाठी २०२८ पासून वर्षभराचं काम मिळालंय, दर ६ लाख ३५ हजार. एकाच कंपनीची, एकाच जातीची जहाजं. सहा वर्षांत दरात एवढा फरक. बीपीने २०२५ च्या सप्टेंबरात टायबर-ग्वादालूपलाही मंजुरी दिली, तेही २० हजारचंच काम आहे. अशा विहिरी खोदू शकणारी जहाजं जगात मोजून दोन आहेत आणि दोन्ही ट्रान्सओशनची.

पण दोन जहाजांवर अख्खी कंपनी उभी राहत नाही. बाकीच्या, म्हणजे सातव्या पिढीच्या (या दोघींच्या खालोखाल नव्या) ड्रिलशिप नोबल, व्हॅलॅरिस, सीड्रिल, स्टेना या सगळ्यांकडे आहेत आणि तिथे स्पर्धा सरळ आहे. सहाव्या पिढीच्या जहाजांची अवस्था सगळ्यात नाजूक आहे. त्यांच्यावर एकच बीओपी, डेरिकची ताकद कमी, आणि पाच वर्षांनी येणाऱ्या मोठ्या सर्व्हेचा (तपासणीचा) खर्च मात्र तेवढाच. अशी जहाजं सर्व्हेच्या तोंडावर हातात काम नसेल तर थेट भंगारात जातात. तुम्ही नोकरी शोधत असाल तर हे वाक्य विसरू नका; मी त्यावर परत येईन.

कर्जाबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर अर्धंच राहील. २०२० च्या एप्रिलमध्ये डायमंड ऑफशोर, जुलैमध्ये नोबल, ऑगस्टमध्ये व्हॅलॅरिस आणि २०२१ च्या सुरुवातीला सीड्रिल, अशा सगळ्या एकामागून एक दिवाळखोरीच्या न्यायालयात गेल्या. तिथे जुन्या शेअरवाल्यांचे पैसे जवळजवळ बुडाले आणि कर्ज देणारेच मालक झाले. कंपन्या मात्र कर्जातून मोकळ्या होऊन बाहेर पडल्या. या मोठ्या कंपन्यांत फक्त ट्रान्सओशन न्यायालयात गेली नाही. ते कौतुकास्पद आहे असं मी मानतो. देणं देणार म्हटलं आणि देत राहिली. पण त्याची किंमत आजही चालू आहे. २०२४ च्या अखेरीस कर्ज ७ अब्ज डॉलरच्या जवळ होतं. त्याच वर्षी काढलेल्या रोख्यांवर ८.२५ आणि ८.५ टक्के व्याज आहे. २०२५ मध्ये नोबल तिमाहीला शेअरमागे अर्धा डॉलर लाभांश देत होती आणि ट्रान्सओशनचा तोच पैसा सावकाराकडे जात होता.

२०२४ चा हिशेब बघा. खोदकामातून उत्पन्न ३.५ अब्ज डॉलर, कामकाजातून रोख ४० कोटींच्या वर, आणि तरी निव्वळ तोटा ५१ कोटी. तोटा बघून लोकांना वाटतं की कंपनी दर दिवशी खिशातून पैसे घालतेय. तसं नाही. त्यातला मोठा भाग जुन्या जहाजांची कागदावरची किंमत कमी केल्याचा आणि घसाऱ्याचा आहे. रोख येतेय, ती व्याजात आणि मुद्दलात जातेय. २०२५ मध्ये कंपनीने कर्ज अब्ज डॉलरहून अधिक कमी करायचं ठरवलं, आणि मे महिन्यात कीलन ॲडमसन मुख्याधिकारी झाल्यापासून सगळा भर त्याच्यावर दिसतो. मला ही दिशा बरोबर वाटते. पण सप्टेंबरमध्ये त्यासाठी तीन डॉलरच्या आसपास नवे शेअर विकले गेले. २०१४ साली कंपनीचे सुमारे ३६ कोटी शेअर होते, २०२५ मध्ये ते ११० कोटींच्या आसपास गेले. पूर्वी ज्याच्याकडे कंपनीचा एक हिस्सा होता, त्याच्याकडे आज त्याचा एक तृतीयांश उरला आहे. २०१४ मध्ये ती शेअरमागे वर्षाला तीन डॉलर लाभांश देत होती, २०२५ मध्ये अख्खा शेअर जवळपास तेवढ्याला मिळत होता, म्हणून तो स्वस्त आहे असं समजू नका. आधी शेअर किती आहेत ते मोजा, मग किंमत बघा.

म्हणून शेअरबद्दल माझं मत सरळ आहे. २०२७-२८ मध्ये जहाजं भरली आणि दर टिकले, तर कर्ज जास्त असल्यामुळेच हा शेअर इतरांपेक्षा वेगाने वर जाईल. आणखी एक रिकामं वर्ष आलं तर तो इतरांपेक्षा वेगाने खाली जाईल, किंवा परत नवे शेअर निघतील. जो पैसा मुलांच्या शिक्षणाला किंवा घराच्या हप्त्याला लागणार आहे, तो इथे नको. एक गोष्ट आणखी आहे. तुमचा पगार याच धंद्यातून येतो. मंदी आली तर पगार आणि बचत एकाच दिवशी अडचणीत येतील. २०१६ आणि २०२० मध्ये आपल्याकडच्या कितीतरी घरांत हे झालं, मी जवळून पाहिलं आहे. बचत दुसऱ्या कुठल्यातरी धंद्यात ठेवा.

आता एक जोखीम, जी कुठल्याच तक्त्यात नीट दिसत नाही. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात बीपीच्या माकोंडो विहिरीवर ट्रान्सओशनच्याच डीपवॉटर होरायझनवर स्फोट झाला. ११ माणसं गेली, त्यांतली ९ ट्रान्सओशनची होती. विहीर ८७ दिवस वाहत राहिली. जानेवारी २०१३ मध्ये कंपनीने अमेरिकी सरकारशी १.४ अब्ज डॉलरची तडजोड केली. जे ११ जण घरी परतले नाहीत, त्यांचा हिशेब अर्थातच कुठल्या तडजोडीत बसत नाही. मी हे इथे सांगतो, कारण रिकामे दिवस आणि शून्य दर यांचा दबाव शेवटी ड्रिलरच्या खुर्चीपर्यंत पोचतो, आणि उद्या त्या खुर्चीत तुम्ही असणार आहात.

उदाहरण देतो. जॅक-अपवर तुमची बीओपी डेकखाली, हाताच्या अंतरावर असते. ड्रिलशिपवर ती समुद्रतळावर असते. २१०० मीटर पाण्यात काम चाललंय असं समजा. बीओपीपासून जहाजापर्यंत ९० फुटांचा एकेक, असे पंचाहत्तरच्या आसपास रायझर जोडलेले असतात. कंट्रोल पॉडमधल्या (बीओपीच्या झडपा चालवणारा, समुद्रतळावरचा संच) मुठीत मावेल एवढ्या सीलमधून हायड्रॉलिक गळती सुरू झाली. पडद्यावर एका टाकीची पातळी तासाला थोडी थोडी खाली जाताना दिसते, एवढंच. दुसरा पॉड चांगला चालतोय. आता काय करायचं? वर आणायची म्हटली तर आधी विहीर सुरक्षित बंद करा, रायझर सोडा, पंचाहत्तर जोड एकेक करून वर घ्या, प्रत्येकाला जोडलेल्या चोक आणि किल लाइन (विहिरीचा दाब सांभाळणाऱ्या बाजूच्या नळ्या) सांभाळत. सील बदलायला दोन तास. मग चाचणी, परत पंचाहत्तर जोड खाली, तळावर पुन्हा चाचणी. सात-आठ दिवस शून्य दराने गेले, म्हणजे तीस-पस्तीस लाख डॉलर. त्या सकाळी रिग मॅनेजर, तेल कंपनीचा रिगवरचा प्रतिनिधी (कंपनी मॅन) आणि किनाऱ्यावरचं ऑफिस यांच्यात जो फोन होतो, त्यावरून कंपनी कशी आहे ते कळतं. ज्या कंपनीत "काढा वर" हे वाक्य कुणीही न कचरता बोलू शकतो, तिचंच भवितव्य मला चांगलं वाटतं. असा आठवडा कितीही महाग पडला तरी माकोंडोपेक्षा स्वस्तच असतो. ट्रान्सओशन आपली रेव्हेन्यू एफिशिएन्सी जाहीर करते, म्हणजे मिळू शकणाऱ्या दर १०० डॉलरपैकी प्रत्यक्षात किती मिळाले. ती अलीकडे साधारण ९३ ते ९८ च्या दरम्यान असते. आकडा चांगला आहे. तो सतत १०० च्या जवळ दिसायला लागला तर मी खूश होण्याआधी विचारेन, की बीओपी वर काढायचं टाळलं तर जात नाहीये ना.

आपल्याकडच्या पाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कळायला हवं. ट्रान्सओशनची डीपवॉटर केजी-१ रिलायन्सच्या कामासाठी २००९ मध्ये आली. २०१३ मध्ये तिने ओएनजीसीसाठी पूर्व किनाऱ्यावर ३१६५ मीटर पाण्यात विहीर सुरू केली, तो तेव्हा जगातला विक्रम होता. पुढे रिलायन्स-बीपीची आर क्लस्टर आणि एमजे ही क्षेत्रं आली, आणि जानेवारी २०२४ मध्ये ओएनजीसीच्या ९८/२ या ब्लॉकमधून तेल आलं. १५ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून खोल समुद्रातल्या शोधाच्या राष्ट्रीय मोहिमेची घोषणा केली. मला त्याचा आनंद आहे, मनापासून. पण घोषणेपासून ड्रिलशिपपर्यंत वर्षं जातात, आणि आजही आपल्या पूर्व किनाऱ्यावर एका वेळी मोजकीच जहाजं असतात. त्यामुळे "भारतातच डीपवॉटरमध्ये राहीन" असा हट्ट धरून तयारी करू नका. ब्राझील, मेक्सिकोचं आखात, पश्चिम आफ्रिका इथे जायची तयारी असेल तरच या बाजूला या. ब्राझीलमध्ये स्थानिक माणसांची अट कडक आहे, हेही लक्षात ठेवा.

नोकरीबद्दल माझं उत्तर हो असं आहे. प्रयत्न करा. २०१५ ते २०२० मध्ये जे अनुभवी लोक घरी गेले, त्यांतले बरेच परत आले नाहीत. कुणी दुबईत दुसऱ्या कामाला लागलं, कुणी गावाकडे आंब्याच्या बागा घेतल्या. सबसी (समुद्रतळावरची) बीओपी समजणाऱ्या ड्रिलरांची आणि सबसी इंजिनियरांची टंचाई सगळीकडे जाणवते. तुमचं आयडब्ल्यूसीएफ (विहीर नियंत्रणाचं) प्रमाणपत्र बहुधा सरफेस, म्हणजे पाण्यावरच्या, बीओपीचं असेल. पुढच्या वेळी नूतनीकरण करताना सरफेस आणि सबसी दोन्हींचं एकत्र करून घ्या. खर्च थोडा जास्त आहे, पण तेवढ्याने तुमचा अर्ज वेगळ्या ढिगाऱ्यात जातो. मॅनेज्ड प्रेशर ड्रिलिंगचा (विहिरीतला दाब सतत नेमका राखत खोदण्याचा) अनुभव मिळेल तिथे मिळवा, आता बहुतेक नवी टेंडरं तो मागतात. आणि हुद्दा एक पायरी खाली मिळाला तरी जा. जॅक-अपचा असिस्टंट ड्रिलर ड्रिलशिपवर थेट त्याच जागी बसत नाही, यात कमीपणा नाही.

बोलावणं आलं की कंपनीचं नाव ऐकून लगेच हो म्हणू नका. जहाजाचं नाव विचारा. मग फ्लीट स्टेटस रिपोर्टमध्ये तिची ओळ काढा: कितव्या पिढीची आहे, सध्याचा करार कधी संपतो, पुढचा लागलाय का, मोठा सर्व्हे कधी येतोय. करार संपायचा महिना आणि सर्व्हेचा महिना जवळजवळ असतील आणि पुढची जागा पांढरी असेल, तर त्या जहाजावर पर्मनंट म्हणून जाण्याआधी एचआरला स्पष्ट विचारा की जहाज स्टॅक झालं, म्हणजे कामाविना उभं राहिलं, तर तुम्हाला दुसऱ्यावर घेतील का. ते उत्तर ईमेलवर घ्या.